परदेशी जाताना फ्लॅटची किल्ली कोणाकडे ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, तुम्हा नवरा-बायको दोघांच्या नावावर. यजमानांना जर्मनीत तीन वर्षांचं काम मिळालंय, दोन महिन्यांनी निघायचंय. फ्लॅट भाड्याने द्यायचा हे ठरलंय, पण मागे बघणार कोण? हडपसरचे चुलत दीर म्हणतात, "आम्ही आहोत ना." कोपऱ्यावरचा ब्रोकर म्हणतो, "ताई, तुम्ही निर्धास्त जा." एका कंपनीने महिन्याच्या भाड्याच्या ८ टक्क्यांत सगळं सांभाळू असं कळवलंय. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त काकांचं नाव तुम्ही अगदी शेवटी, जरा संकोचानेच लिहिलंय. यातलं विश्वासाचं माणूस कोण, असं तुम्ही विचारताय.

आधी एक सांगून टाकते. मी स्वतः पैसे घेऊन हेच काम करते. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात बाहेरगावी असलेल्या मालकांचे फ्लॅट गेली १७ वर्षं बघतेय. त्यामुळे 'घरच्यांना देऊ नका, धंदेवाल्याला द्या' असं मी म्हणाले तर त्यात थोडं मीठ कमी-जास्त करून घ्या. तसं मी म्हणणार नाहीये, पण तरी.

तुमची अडचण अशी आहे की चार वेगवेगळी कामं तुम्ही एका माणसाच्या गळ्यात बांधायला निघालाय. भाडेकरू शोधणं हे एक काम. तुमच्या वतीने कागदांवर सही-अंगठा करणं हे दुसरं. पैशांचा हिशेब तिसरं. आणि नळ गळला, गीझर बंद पडला, वरच्यांच्या बाथरूममधून ओल आली की जाऊन उभं राहणं हे चौथं. या चारही कामांना लायक असं एकच माणूस मी १७ वर्षांत फार क्वचित पाहिलंय. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते: सही घरच्या माणसाची, किल्ली जवळच्या माणसाकडे, आणि पैसे मधल्या कोणाच्याच हातात नकोत. भाडेकरू शोधायला ब्रोकर खुशाल घ्या, पण त्याचं काम तिथेच संपवा.

आता एकेकाकडे येऊ. दिरांपासून सुरू करते, कारण तिथे माझे हात पोळलेत.

मी या कामात शिरले तीच मुळी भावाच्या फ्लॅटमुळे. तो अमेरिकेला गेला, कर्वेनगरचा फ्लॅट माझ्यावर सोपवून. पैशाचं काही बोलणं झालं नव्हतं. बहीण-भावात काय बोलायचं? दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरून गळती सुरू झाली. प्लंबर, मग वॉटरप्रूफिंगवाला, मग 'हे आमच्याकडून नाहीच' म्हणणारे वरचे, मग कमिटीची मीटिंग. साडेअकरा हजार रुपये माझ्या खिशातून गेले आणि सहा-सात संध्याकाळीही. बिलांचे फोटो भावाला पाठवायला मला दोन महिने लागले, कारण पैसे मागायचे कसे हेच कळत नव्हतं. त्याचं उत्तर आलं: "बाप रे, एवढे?" त्याच्या मनात काही नव्हतं हे मला आज कळतं. पण त्या दोन शब्दांनी आमच्यात वर्षभर जी अढी बसली ती बसलीच. पुढे वहिनीने पुढाकार घेऊन महिन्याला ठराविक रक्कम आणि ५,००० रुपयांपर्यंतच्या दुरुस्तीला न विचारता करायची मोकळीक, असं लिहून ठरवलं. मी आधी 'छे, पैसे कसले घेते' म्हणून फणकारले. त्यानंतर मात्र आम्ही त्या फ्लॅटवरून एकदाही भांडलो नाही.

तेव्हा दिरांना काम दिलंत तर पैसे द्या. नको म्हणतील, तरी द्या. फुकट काम करणाऱ्याला दोनदा फोन करता येत नाही आणि तिसऱ्यांदा जाब विचारता येत नाही. पण त्यांच्या बाबतीत पैशापेक्षा मोठी गोष्ट अंतराची आहे. हडपसरहून कोथरूडला संध्याकाळी सहानंतर यायला किती वेळ लागतो, हे पुणेकराला मी सांगायला नको. मंगळवारी रात्री फ्लशची टाकी वाहायला लागली तर ते रविवारी येणार, आणि तोवर खालच्यांच्या छताचा पोपडा सुटणार. म्हणून चौथं काम त्यांना देऊ नका. दुसरं द्या. सहीसाठी त्यांच्यासारखं माणूस नाही.

सहीचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण घाईत चूक करतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे नोंदणीकृत करार नसला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ऑनलाइन नोंदणीची सोय चांगली आहे, माणूस यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारवर अंगठा घेतो. पण तुमचा अंगठा जर्मनीत असणार. म्हणून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारं पत्र, लागतं.

ते इथून निघायच्या आधी करा. दुय्यम निबंधकांपुढे, म्हणजे नोंदणी कार्यालयात, दोघांनी जाऊन केलंत की अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेच तिकडे गेल्यावर करायचं म्हणजे भारतीय वकिलातीची वेळ घ्या, कागद कुरियरने पाठवा, तो इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा, अशी वरात. 'दोघांनी' हा शब्द मुद्दाम वापरलाय. फ्लॅट दोघांच्या नावावर असताना एकट्या यजमानांनी कुलमुखत्यारपत्र दिलं आणि करार करताना अडलं, असं माझ्यासमोर घडलंय. बाई तेव्हा फ्रँकफर्टला होत्या.

मजकूर मर्यादित ठेवा. याच फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार करणं आणि संपवणं, सोसायटी, पोलीस ठाणं, महावितरण, महापालिका यांच्याकडे कागद देणं-घेणं, एवढंच. विक्री, गहाण, बक्षीसपत्र यांचा अधिकार दिलेला नाही असं स्पष्ट लिहा. तयार छापील नमुन्यात 'सर्व प्रकारचे अधिकार' असं एक कलम हमखास असतं, ते खोडा. दिरांचा अपमान होईल असं वाटत असेल तर वकिलावर ढकला, मी तेच करते. आणि हे पत्र ब्रोकरला किंवा कंपनीच्या माणसाला कधीही देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

ब्रोकरबद्दल मला राग नाही. चांगला ब्रोकर आठ दिवसांत चार घरं दाखवून एक नीट कुटुंब आणतो, ते दिरांना जमणार नाही. पण त्याची कमाई कशावर आहे ते बघा. आपल्याकडे साधारण एक महिन्याचं भाडं दलाली, दर नव्या करारामागे. म्हणजे भाडेकरू बदलला की त्याला पैसे, टिकला की फार तर करार नव्याने करून देण्याचे थोडेफार. तुम्हाला हवंय नेमकं उलटं. वाईट माणूस नसतानाही तो दहाव्या महिन्यात 'यांच्यापेक्षा चांगली पार्टी आहे' असं सांगणारच. त्याचं महारेराचं (राज्याच्या बांधकाम-प्रकल्प नियामकाचं) प्रमाणपत्र भिंतीवर असलं तरी ती नोंदणी प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी असते; भाड्याच्या कामाची हमी त्यात नाही.

यावर एक साधा उपाय म्हणजे करारच लांब करणं. ११ महिने ही नुसती सवय आहे. एक वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही या समजुतीतून ती आली, आणि महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. तुम्ही तीन वर्षांसाठीच जाताय, तर ३३ किंवा ३६ महिन्यांचा करा, वर्षाला ठराविक वाढ लिहा, दोन्हीकडून एका महिन्याची नोटीस ठेवा. सरकारी खर्चही फार नाही: एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. भाडं ३०,००० आणि अनामत एक लाख असेल तर ११ महिन्यांना साडेआठशेच्या आसपास होतात. वर महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. कोणी याच कामाचे सात-आठ हजार मागितले तर वरचे पैसे कशाचे ते विचारा.

ब्रोकरकडे काय द्यायचं नाही, तर पैसे. माझ्याकडे नंतर आलेल्या एका मालकांनी ९०,००० अनामत ब्रोकरच्या खात्यात ठेवली होती, 'सोयीसाठी'. भाडेकरू गेला. ब्रोकरने मालकांना सांगितलं, सगळं परत केलं. भाडेकरूला सांगितलं, रंग-साफसफाईचे ६०,००० मालकांनी कापले. दोघं एकमेकांशी थेट बोलले तेव्हा चार महिने उलटले होते आणि ब्रोकरचा फोन बंद. मालकांनी ते साठ हजार स्वतःच्या खिशातून भरले, कारण करारावर नाव त्यांचं होतं. भाडं आणि अनामत, दोन्ही थेट तुमच्या खात्यात. परदेशी राहायला गेलात की ते एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांच्या इथल्या कमाईसाठीचं बँक खातं) लागेल.

पैशांतच कराचा एक काटा आहे, तो कोणीही आधी सांगत नाही. तुम्ही अनिवासी ठरलात की भाडेकरूने तुमच्या भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. ३०,००० मधले ९,३६० जातात, तुमच्या हाती २०,६४०. विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा परत मिळतो, पण भाडेकरूला हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर नंतर नोटीस त्याला येते आणि वाद तुमच्याशी होतो. पहिल्या वर्षी तुम्ही नेमके कधीपासून अनिवासी धरले जाल हे निघायच्या तारखेवर अवलंबून आहे, ते सीएला विचारून घ्या. आणि कंपनीची ८ टक्के फी उत्पन्नातून वजा होईल असं धरून चालू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून मिळकत कर वजा करून जी ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, तिच्यातच देखभाल-वसुलीचा सगळा खर्च आला. आणखी एक: स्वतः राहत असाल तर पुणे महापालिकेच्या मिळकत करात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलंत की ती जाते. फ्लॅटमागे किती सुटेल याचं गणित हे सगळं धरून करा, मग ८ टक्के परवडतात का बघा.

कंपनीबद्दल माझं मत संमिश्र आहे. ज्यांचं गावात कोणीच नाही त्यांना तीच बरी. हिशेब छापील येतो, माणूस आजारी पडला तर दुसरा येतो. पण करार करण्याआधी तीन गोष्टी तोंडी नव्हे, लेखी घ्या. भाडेकरू तुमचा असेल की कंपनीचा? काही ठिकाणी कंपनी स्वतः फ्लॅट घेते, तुम्हाला 'हमीचं भाडं' देते आणि पुढे कोणाला ठेवते ते तुम्हाला कळतच नाही. त्यापासून लांब राहा. दुरुस्तीच्या बिलावर त्यांचा वरचा हिस्सा किती? आणि मध्येच सोडायचं झालं तर किती महिन्यांची फी मागतील? या तीनही प्रश्नांना 'मॅडम, त्याची काळजी करू नका' असं उत्तर आलं, तर काळजी करा.

आता ते काका. तुम्ही संकोचाने लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तुमच्या यादीतलं सगळ्यात मोलाचं नाव ते आहे. त्यांना काही 'सांभाळायला' सांगू नका. फक्त एक किल्ली द्या, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर द्या, आणि महिन्याला काहीतरी मानधन त्यांच्या नातीच्या नावाने का होईना, द्या. जिन्यात कोण येतं-जातं, पाण्याचा आवाज रात्रभर येतोय का, हे त्यांना न बघता कळतं. एक अट आहे: त्यांची आणि सोसायटीच्या कमिटीची भांडणं नसावीत. असतील तर भाडेकरूला लिफ्टमध्येच ऐकून घ्यावं लागतं. तसंच ते स्वभावाने भोचक असतील, भाडेकरूकडे पाहुणे किती आले याची वही ठेवणारे असतील, तर किल्ली देऊ नका, नुसता फोन नंबर घ्या. तुम्ही शेजारी आहात, स्वभाव तुम्हाला माहीत.

लांबून तुम्हालाही बरंच बघता येतं. मी दर महिन्याला प्रत्येक फ्लॅटचं विजेचं बिल बघते, रकमेपेक्षा युनिट. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या साइटवर दिसतं. एका फ्लॅटमध्ये दोघांचं कुटुंब होतं, महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट. दिवाळीनंतर एकदम ३८० झाले. हिवाळ्यात, एसी नसलेल्या घरात. मी मेंटेनन्सची पावती द्यायचं निमित्त करून गेले. दाराबाहेर सात जोडी चपला, हॉलमध्ये तीन गाद्या भिंतीला उभ्या, गॅसवर डाळीचं मोठं पातेलं. कुटुंब केव्हाच गावी गेलं होतं आणि कॉट बेसिसवर मुलं ठेवली होती. मुलं बिचारी चांगली होती, चहा विचारला मला. पण करार त्यांच्याशी नव्हता आणि पोलिसांकडे माहिती दुसऱ्यांची होती. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं हे मालकाचं काम आहे; ते दरवेळी दिरांकडून करून घ्या आणि पावतीचा फोटो मागवा.

सोसायटीला आगाऊ लेखी कळवा आणि कराराची प्रत द्या. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे. कोणी जास्त लावलं तर भांडा, पण तुम्ही जाण्याआधी, समोरासमोर.

आणि मुदत संपायची तारीख. देखरेख करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. करार संपला, भाडेकरू राहतोच आहे, भाडंही येतंय म्हणून सगळे गप्प, हे फार बघितलंय. नोंदणीकृत करार असेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली घर रिकामं करून घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. ही ताकद कागदात आहे, म्हणून कागद चालू असला पाहिजे. संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख दिरांच्या, काकांच्या आणि तुमच्या, तिघांच्या फोनमध्ये टाका.

तर तुमच्या जागी मी असते तर: मर्यादित कुलमुखत्यारपत्र दिरांना, किल्ली आणि छोट्या दुरुस्त्या काकांना, दोघांनाही ठरवून पैसे, भाडेकरू शोधायला ब्रोकर एकदाच, आणि कंपनीला तूर्त नको. काका नसते किंवा त्यांचं वय पाहता जिना चढणं होत नसतं, तर कंपनी किंवा माझ्यासारखं कोणी, पण तरी सही दिरांचीच.

एक बेडरूम कुलूप लावून त्यात सामान ठेवावं का, असंही तुम्ही विचारलंय. नका ठेवू. एका घरात अशा बंद खोलीच्या भिंतीतून पाइप झिरपत होता, भाडेकरूला दिसायचं कारण नव्हतं. मी कुलूप उघडलं तेव्हा लग्नाचे अल्बम फुगून एकमेकांना चिकटले होते आणि कपाटामागची भिंत हिरवी झाली होती. निघण्याआधी खोली रिकामी करा, जे टाकवत नाही ते दिरांकडे किंवा माहेरी ठेवा. माळ्यावर ठेवणार असाल तर वरच्यांचं बाथरूम नेमकं त्याच्यावर येत नाही ना, ते आधी वर जाऊन बघून या.